न्यायमूर्ती रानडे, मराठ्यांचा इतिहास आणि आपण

या स्मरणिकेत एका थोर मराठी पुरुषाचे चरित्र असावे असे समितीत ठरले, तेव्हा बहुतेकांनी छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव सुचवले. काहींनी लोकमान्यांचे सुचवले. आम्ही न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे नाव घेतले तेव्हा थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. आपल्या घरांत गणपतीची तसबीर आहे, विठोबा-रखुमाईची आहे, महाराजांची तर आहेच. रानड्यांची तसबीर या बेटावर आम्ही कोणाच्या घरी पाहिलेली नाही. ते लढवय्ये नव्हते, तुरुंगात गेले नाहीत; सरकारी नोकरीत न्यायाधीश झाले आणि न्यायाधीश असतानाच वारले.

तरी आम्ही आग्रह धरला, त्याला दोन कारणे होती. मराठ्यांचे राज्य एका वीराच्या तलवारीने एका रात्रीत उभे राहिले नाही, त्यामागे कुंभार, माळी, शिंपी, न्हावी, कुणबी अशा सगळ्या समाजाची दोन-तीन शतकांची हालचाल होती, असे मांडणारे पुस्तक त्यांनी लिहिले. इतिहास आणि समाजशास्त्र ही शास्त्रे विद्यापीठांत दोन वेगळ्या खोल्यांत बसतात. रानड्यांनी ती एका बैठकीवर बसवली, आणि तीही समाजशास्त्र हा शब्द मराठीत रुळण्याच्या आधी. दुसरे कारण आपल्या अधिक जवळचे आहे. १८९३ साली पुण्यात त्यांनी एक निबंध वाचला. विषय होता हिंदुस्थानातून परदेशी गेलेले मजूर. त्यात नाताळ, जमैका, त्रिनिदाद, ब्रिटिश गियाना आहे, आणि आपले मॉरिशसही आहे. त्या निबंधात त्यांनी जे म्हटले ते आपल्याला फारसे सुखाचे नाही. पण आधी माणूस समजून घेऊ.

माधवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला झाला. वडील गोविंदराव पुढे कोल्हापूर संस्थानात नोकरीला होते, म्हणून लहानपण कोल्हापुरात गेले. आंबा घाट उतरला की रत्नागिरी, इतके ते गाव आपल्या वाडवडिलांच्या मुलखाजवळ. मूल अंगाने थोराड आणि बोलायला मंद होते. याचे पुढे कसे होणार, अशी घरच्यांना काळजी असे. आई गोपिकाबाई ते लहान असतानाच गेल्या. इंग्रजी शिक्षणासाठी त्यांना मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये पाठवले. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. १८५९ च्या पहिल्या प्रवेश परीक्षेत २१ विद्यार्थी उत्तीर्ण झाले, त्यांत रानडे एक, आणि १८६२ साली जे पहिलेवहिले बी. ए. झाले त्यांतही रानडे एक. एवढे वाचन केले की डोळे बिघडले, ते जन्मभर अधू राहिले.

इथे आम्हाला क्षणभर थांबावेसे वाटते. ते मुंबईत दिव्याखाली पुस्तके वाचत होते त्याच वर्षांत त्याच मुंबई बंदरातून आपली माणसे जहाजात चढत होती. रत्नागिरीतून, सावंतवाडीतून, घाटावरच्या गावांतून आलेली. खोताचे देणे, सावकाराचा कागद, घरातले भांडण की नुसते मुकादमाचे गोड बोलणे, कोणाला कशाने बाहेर काढले ते त्यांच्याबरोबरच गेले. एकाच शहरात एकाच वेळी दोन्ही प्रकारचे तरुण होते. एकाच्या हातात ग्रंथ, दुसऱ्याच्या हातात न वाचता येणारा करार. त्यांची गाठ पडण्याचे काही कारण नव्हते.

कॉलेजातली एक गोष्ट त्यांच्या प्रत्येक चरित्रात असते. विद्यार्थी रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजांच्या राज्याशी तुलना केली आणि ती इंग्रजांना फार अनुकूल केली नाही. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी बोलावून कानउघाडणी केली आणि शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. ग्रँटसाहेब विद्वान होते, रानड्यांना ते मानतही. पण आपण शिकवलेल्या मुलाने आपल्याच राज्याविषयी असे लिहावे हे त्यांना सोसले नाही. रानडे काही बोलले नाहीत. तो निबंध त्यांनी पुढे जवळजवळ चाळीस वर्षांनी, पुस्तकाच्या रूपाने, नीट पुरावे लावून पुन्हा लिहिला असे आम्हाला वाटते.

मधल्या चाळीस वर्षांत ते समाज वाचायला शिकले. एल्फिन्स्टनमध्ये काही वर्षे शिकवून १८७१ साली ते पुण्याला न्यायाधीश म्हणून आले. पुण्यात आदल्याच वर्षी गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी सार्वजनिक सभा काढली होती. रानडे सरकारी नोकर, त्यामुळे उघडपणे पुढारी होता येत नव्हते. पण सभेचे डोके तेच झाले. त्या काळी सरकारकडे अर्ज करायचा तर त्यात विनवण्या असत. सभेच्या अर्जात आकडे येऊ लागले. कोणत्या तालुक्यात सारा किती वाढला, बैलजोडी किती उरली, सावकाराचे व्याज किती, हे विचारायला सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत माणसे धाडली. १८७५ साली सुपे आणि आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले, आणि पाठोपाठ १८७६-७७ चा मोठा दुष्काळ आला. सभेची माणसे दुष्काळी गावांतून फिरून माहिती पाठवत होती. सरकारी कामांवर मिळणारी मजुरी पोटाला पुरते की नाही, हा वाद सभेने सरकारशी त्या माहितीच्या जोरावर घातला. १८७८ पासून सभेचे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले, त्यातले पुष्कळसे लेखन रानड्यांचे असे, बहुधा नावाशिवाय.

सरकारला हे आवडण्यासारखे नव्हते. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले, पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा जळला, आणि रानड्यांची बदली एकाएकी धुळ्याला झाली. तिथे त्यांची पत्रे फोडून वाचली जात. त्यांना ते कळत होते; त्यांनी तक्रार केली नाही. संशय फिटल्यावर पुढे बढत्याही मिळाल्या. याच सुमारास दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून सोडवण्याचा कायदा झाला आणि त्याखालच्या न्यायालयांची तपासणी रानड्यांकडे आली. मग वर्षातले कितीतरी महिने तंबू, बैलगाड्या आणि गावोगावचा मुक्काम. पुणे, सातारा, नगर, सोलापूर या जिल्ह्यांतला कुणबी कर्ज का काढतो, कधी फेडतो, लग्नात किती घालवतो, वाण्याच्या वहीवर अंगठा कसा करतो, हे त्यांनी हजारो दाव्यांतून पाहिले. इतिहासकाराला सहसा मेलेल्या माणसांचे कागद मिळतात. यांच्यासमोर जिवंत माणसे कागद घेऊन उभी राहत होती.

त्यांना सगळे दिसत होते असे मात्र नाही. १८८५ साली शेतकऱ्यांची स्थिती पूर्वीपेक्षा सुधारली आहे अशा अर्थाचे त्यांचे मत प्रसिद्ध झाले, तेव्हा जोतीराव फुले यांनी 'इशारा' नावाची पुस्तिका काढून त्यांना सडेतोड उत्तर दिले. शेतकऱ्याच्या घरात जन्मून, नांगराला हात लावून पाहिलेल्या माणसाचे ते उत्तर होते. दोघांचे वैर नव्हते. १८७५ साली स्वामी दयानंदांच्या मिरवणुकीत लोक शेण आणि दगड फेकत असताना हे दोघे बरोबर चालले होते. पण जोतीरावांचे म्हणणे असे होते की खुर्चीवर बसून गोळा केलेली माहिती आणि उपाशी माणसाची माहिती एक नसते. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, तो आपल्याला परत भेटणार आहे.

घरातही त्यांच्या विचारांची आणि वागण्याची गाठ नेहमी बसली नाही. विधवांच्या पुनर्विवाहाची चळवळ चालवणाऱ्या रानड्यांची पहिली पत्नी १८७३ साली वारली. आता ते विधवेशी लग्न करतील असे मित्रांनी धरले होते. वडिलांच्या हट्टापुढे ते नमले आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षी अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांनी लग्न केले. सुधारकांनी त्यांना याबद्दल कधी माफ केले नाही, आणि सनातन्यांना हसायला मिळाले. ती मुलगी म्हणजे रमाबाई. सासरच्या बायकांचे टोमणे खात ती शिकली, नवऱ्याचे डोळे अधू म्हणून त्याला वर्तमानपत्रे वाचून दाखवू लागली, आणि तो गेल्यावर स्त्रियांच्या शिक्षणाच्या कामात स्वतःच्या नावाने मोठी झाली. माधवराव पहाटे उठून अंथरुणातच टाळ्या वाजवत तुकोबांचे, नामदेवांचे अभंग म्हणत हे आपल्याला कळते ते रमाबाईंच्या १९१० साली निघालेल्या आठवणींच्या पुस्तकामुळे. आपल्या भजनी मंडळांतल्या वडीलधाऱ्यांना हा माणूस परका वाटू नये.

त्या अभंगांतूनच त्यांचा इतिहास निघाला. तोपर्यंत मराठ्यांचा मुख्य इतिहास म्हणजे ग्रँट डफचा, १८२६ सालचा. डफ मेहनती होता, कागद त्याने पुष्कळ पाहिले. पण मराठ्यांचा उदय त्याला सह्याद्रीच्या रानात वणवा पेटावा तसा वाटला. वणवा का पेटला याला काही कारण लागत नाही, वाळलेले गवत आणि एक ठिणगी पुरते. रानड्यांचे 'राइज ऑफ द मराठा पॉवर' हे पुस्तक १९०० साली मुंबईत निघाले. मूळ बेत मित्र काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या जोडीने लिहिण्याचा होता. तेलंग १८९३ साली अकाली गेले. उच्च न्यायालयातली त्यांची जागा रानड्यांना मिळाली आणि पुस्तकाचे ओझेही त्यांच्यावर आले. प्रकरणांची नावेच पाहा: जमीन कशी तयार झाली, बी कसे पेरले गेले, रोप कसे वाढले, झाड कसे फुलले. वणव्याला त्यांनी शेतीने उत्तर दिले. जमीन म्हणजे डोंगराळ मुलूख, गावगाडा, पंचायती, रयतेकडून थेट सारा घेण्याची रीत, सुलतानांच्या चाकरीत वाढलेली मराठा घराणी. आणि बी म्हणजे संत.

संतांवरचे प्रकरण आम्हाला सगळ्यांत मोलाचे वाटते. महिपतीने लिहिलेली संतचरित्रे तोवर कीर्तनकारांच्या कामाची समजली जात. इतिहासकार त्यांच्याकडे पाहत नसत, कारण त्यांत चमत्कार फार. रानड्यांनी चमत्कार बाजूला ठेवून दुसरेच मोजले. हे संत कोणत्या जातीचे? गोरा कुंभार, सावता माळी, नामदेव शिंपी, सेना न्हावी, नरहरी सोनार, चोखामेळा महार. मुक्ताबाई, जनाबाई, कान्होपात्रा या स्त्रिया. शेख महंमद मुसलमान. ते कोणत्या भाषेत बोलले? मराठीत. कोणत्या वर्षांत? तीन-चार शतके, खंड न पडता. एवढ्या जातींची, एवढी माणसे, एवढा काळ एकाच देवाचे नाव एकाच भाषेत घेत असतील तर त्या समाजात काहीतरी बदलते, जातीचे काच सैल होतात, लोकांना आपण एक आहोत असे वाटू लागते. आणि मग राजाला सैन्य मिळते. युरोपातल्या धर्मसुधारणेशी त्यांनी याची तुलना केली.

हे सगळ्यांना पटले नाही. राजवाड्यांसारख्या संशोधकाने त्याला कडवा विरोध केला; टाळ कुटणाऱ्यांनी राज्ये उभी केली हे त्यांना मान्य नव्हते. जात सैल झाली म्हणावे तर चोखोबाला देवळाच्या आत घेतले नाही ते नाहीच. आम्हालाही रानड्यांनी संतांच्या पदरात थोडे जास्तच माप टाकले असे वाटते. तरी त्यांनी विचारलेला प्रश्न मागे घेता येत नाही. अभंग हा इतिहासाचा पुरावा होऊ शकतो हे एकदा कळल्यावर ओवी, जाखडीचे गाणे, गौरीचा फेर हाही पुरावा होतो. ज्यांच्या घरी सनदा आणि बखरी नाहीत, त्यांच्याही घरी इतिहास असू शकतो. आपल्यापैकी कोणाच्या घरी सनद आहे? (सरदार हा शब्दसुद्धा रानड्यांच्या पुस्तकात घोड्यावर बसलेला आहे, आपल्या आजोबांच्या तोंडी सरदार म्हणजे ऊसमळ्यावर काम करून घेणारा माणूस. एकाच शब्दाने केवढा समुद्र ओलांडला ते पाहावे.)

त्याच १९०० साली त्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत पेशव्यांच्या रोजनिशीवर निबंध वाचला. पेशव्यांचे दप्तर पुण्यात रुमालांत बांधून पडलेले होते. राव बहादूर वाड यांनी त्यातले उतारे निवडले, आणि ते वाचून रानड्यांना वाटले की बखरकारांनी सांगितले नाही ते इथे आहे. लढाया यात फारशा नाहीत. धान्याचे भाव आहेत, शिपायाचा पगार आहे, सरकारने काढलेल्या कर्जाचे व्याज आहे, जातीच्या पंचायतीतले तंटे आहेत, खरेखोटे करण्यासाठी घ्यावी लागणारी दिव्ये आहेत, दारूबंदीचे हुकूम आहेत, जातीबाहेर पडलेल्याला परत घेतल्याच्या नोंदी आहेत. वेठबिगार आहे. गुलामांची खरेदी-विक्रीही आहे, विशेषतः बायकांची. मराठ्यांच्या राज्याचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाने हे झाकले असते तर कोणी विचारायला येणार नव्हते. रानड्यांनी ते लिहिले. आदल्या वर्षी मराठी राज्यातल्या टांकसाळींवर आणि नाण्यांवर त्यांनी असाच निबंध वाचला होता. वाडांचे उतारे पुढे खंडाखंडाने छापले गेले, आणि पेशवाईतला सामान्य माणूस कसा राहत होता असे आज कोणी विचारले तर त्या खंडांपाशी जावे लागते.

या पद्धतीमागचा विचार त्यांनी त्याआधी, १८९२ साली, डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात मांडला होता. इंग्रजी अर्थशास्त्राची पुस्तके धरून चालतात की प्रत्येक माणूस आपला फायदा पाहतो, हवे तिथे जातो, हवे ते काम करतो, आणि करार मोकळेपणाने करतो. रानडे म्हणाले की आपल्याकडे असा माणूस सापडणार नाही. इथे माणसापेक्षा कुटुंब आणि जात बळकट, चढाओढीपेक्षा वहिवाट बळकट. माणूस सहजासहजी गाव सोडत नाही आणि धंदाही बदलत नाही. म्हणून कोणताही नियम लावण्याआधी त्या समाजाचा इतिहास पाहिला पाहिजे. आज हे साधे वाटते. त्या वेळी कॉलेजांतून शिकवल्या जाणाऱ्या अर्थशास्त्राच्या मुळावरच तो घाव होता.

आणि आता तो १८९३ चा निबंध. पुण्याच्या औद्योगिक परिषदेपुढे तो वाचला गेला, पुढे त्यांच्या अर्थशास्त्रीय निबंधांच्या पुस्तकात आला. रानड्यांसमोरचा प्रश्न दख्खनचा होता: जमीन थोडी, माणसे फार, हातमाग बसलेले, दुष्काळ दर काही वर्षांनी. या माणसांनी जायचे कुठे? त्यांनी वसाहतींचे सरकारी अहवाल गोळा केले, कुठे किती माणसे गेली, किती परतली, बरोबर काय घेऊन आली याचे आकडे जुळवले, आणि त्यांचा कौल परदेशगमनाच्या बाजूने पडला. घरी उपाशी मरणाऱ्याला परक्या मुलखात मजुरी मिळते, काही शिल्लक पडते, काहीजण तिथेच जमीन घेऊन राहतात. गर्दी झालेल्या देशाला तेवढाच उतार. आपले सुशिक्षित लोक या मजुरांकडे ढुंकून पाहत नव्हते, त्या काळात त्यांनी आपल्याला निदान मोजले, आपले नाव पुण्याच्या सभेत काढले, हे विसरून चालणार नाही. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे होते असेही आम्ही म्हणणार नाही. ज्यांचे पणजोबा पुढे स्वतःच्या उसाचे धनी झाले त्यांना आपण ओळखतो.

पण अहवाल कोणी लिहिले होते? वसाहतींच्या अधिकाऱ्यांनी. पेशव्यांच्या बखरीतला पोकळ मजकूर ज्यांना लगेच ओळखू येई, त्यांनी हे कागद मात्र बहुतेक जसे आले तसे घेतले. महिना पाच रुपये मजुरी असे कागदावर असे. एक दिवस कामावर गेले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापत, मग पाचांचे किती उरत हे आपल्या आज्या सांगत. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या माणसालाही फोटो लावलेला पास अंगावर बाळगावा लागे, नसला तर कैद. १८७१ साली अडॉल्फ द प्लेव्हित्झ या मळेवाल्याने पुढाकार घेऊन ९,४०१ जुन्या मजुरांचा अर्ज गव्हर्नरकडे दिला, १८७२ साली रॉयल कमिशन नेमले गेले आणि १८७५ साली त्याचा जाडजूड अहवाल निघाला. रानड्यांचा निबंध त्यानंतर अठरा वर्षांनी आला. आदल्याच वर्षी डेक्कन कॉलेजात त्यांनी सांगितले होते की मोकळेपणाने करार करणारा माणूस आपल्या समाजात मिळत नाही. तोच माणूस मुंबईच्या धक्क्यावर अंगठा उठवतो तेव्हा तो मोकळा कसा झाला? हा प्रश्न त्यांना पडायला हवा होता. जोतीराव तेव्हा हयात नव्हते, १८९० सालीच गेले होते. नाहीतर आणखी एक इशारा निघाला असता असे आमच्या मनात येते.

१६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत रानडे वारले. एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. मराठ्यांच्या इतिहासाचा पुढचा भाग, राज्य का बुडाले ते सांगणारा, लिहायचा राहून गेला.

दुसरे राहून गेलेले काम मात्र त्यांच्या शिष्याने हाती घेतले. गोपाळ कृष्ण गोखले रानड्यांच्या हाताखाली तयार झाले. गुरूने त्यांना वर्षानुवर्षे सरकारी अहवाल आणि अंदाजपत्रके वाचायला बसवले होते; एखादे विधान ढिले दिसले तर ते पुन्हा लिहून आणावे लागे. गोखल्यांचा जन्म गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचा, म्हणजे ते आपल्यापैकी कित्येकांच्या गाववाल्यांतलेच. १९१० साली त्यांनी नाताळला शर्तबंद मजूर पाठवणे थांबवण्याचा ठराव कौन्सिलात आणला आणि सरकारने तो मानला. मार्च १९१२ मध्ये त्यांनी ही सगळी पद्धतच बंद करा असा ठराव मांडला. त्यांच्याजवळही सरकारी आकडेच होते, फक्त त्यांनी दुसरे रकाने वाचले. शंभर पुरुषांमागे चाळीस बायका पाठवण्याचा नियम होता, त्यातून छावण्यांत संसारांचे काय होते. मळ्यांवर किती माणसे जीव देतात. करार मोडला तर दिवाणी दावा सोडून थेट तुरुंग का. आणि ज्याला वाचता येत नाही त्याने सही केली याचा अर्थ काय. हिंदी सभासद त्यांच्या बाजूने होते. सरकारी मतांच्या जोरावर ठराव पडला. गोखले १९१५ साली गेले, भरती १९१७ साली थांबली. आपल्या बेटावर शर्तबंद मजुरांचे येणे १९१० सालीच बंद झाले होते.

रानड्यांनी १८९३ साली आपल्याविषयी जे कागद वाचले ते एका बाजूचे होते. दुसरी बाजू कागदावर नव्हतीच, ती आपल्या घरांत होती आणि अजून थोडी आहे. कुली घाटावर उतरलेल्या माणसाच्या नोंदीत नंबर आहे, बापाचे नाव आहे, उंची, वय, जात, जिल्हा, अंगावरची खूण आहे. त्याने गावाहून काय आणले ते नाही. म्हणून समितीने एक कागद तयार केला आहे. त्यात रानड्यांनी रोजनिशीला विचारले असते तसे साधे प्रश्न आहेत: कुलदैवत कोणते, बारशाला कोणते गाणे म्हणत, पंच कोण बसत आणि शिक्षा काय देत, पहिली गाय केवढ्याला घेतली, जमीन कोणाच्या नावावर झाली, जहाजात बरोबर असलेल्यांशी पुढे नाते कसे राहिले, त्या घरांत सोयरीक करत का. घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारून, शक्यतो त्याच्याच शब्दांत भरावा. आठवत नसेल ती जागा कोरी ठेवावी, आपल्या मनाने भरू नये. जुना दाखला किंवा पास पेटीत असेल तर त्याची प्रत जोडावी, मूळ कागद देऊ नये. स्मरणिकेच्या शेवटच्या पानाला हा कागद जोडलेला आहे. तो गणेशचतुर्थीच्या आत आपल्या गावच्या मंडळाच्या चिटणीसांकडे द्यावा.